गृहसंगणकावरील अँटिव्हायरसच्या एररचे निवारण (कर्वेनगर परिसरापुरते)

ज्या घरात संगणकावर अजूनही कापडी झाकण घालतात, अशा घरांसाठी ही मार्गदर्शिका आहे. संगणक मुलाच्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला घेतलेला असावा. मुलगा आता न्यू जर्सीत आणि संगणक इथेच, त्याच्या खोलीत, त्याच्याच टेबलावर असावा. त्यावर विंडोज 7 किंवा विंडोज 10 असावे, आणि मायक्रोसॉफ्टने त्यांची नेहमीची देखभाल अनुक्रमे 14 जानेवारी 2020 आणि 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवली, हा विषय घरात कोणी काढलेला नसावा. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खालून एक लाल चौकट दिवसातून अनेकदा वर येत असावी. एवढी सामग्री जमली असल्यास पुढे वाचावे.

मार्गदर्शिका कर्वेनगरपुरती आहे, म्हणजे वनदेवीपासून राजाराम पुलापर्यंत आणि कमिन्स कॉलेजच्या रस्त्यापासून नदीकाठच्या डीपी रस्त्यापर्यंत. वारज्याच्या रहिवाशांनी वापरल्यास हरकत नाही, मात्र त्यांच्या तक्रारी घेतल्या जाणार नाहीत. कोथरूडच्या लोकांना मार्गदर्शन लागत नाही, ते करतात.

एरर वाचण्याबाबत

वाचू नये. ही पहिली पायरी आणि सर्वांत कसोशीने पाळली जाणारी. चौकट वर येताच तिच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करावे. स्वयंपाकघरातून "अहो, काय आलं होतं?" असे विचारले गेल्यास "काही नाही, ते येतं" असे सांगावे. काही महिने हे नेटाने केल्यास चौकट दिसेनाशी होते. म्हणजे येते, पण दिसत नाही.

मुलाने व्हिडिओ कॉलवर फारच आग्रह धरला तर संदेश वाचून दाखवावा लागतो. त्यात बहुधा एक आकडा असतो: शून्य, मग इंग्रजी एक्स, मग 80070643. हा आकडा मोठ्याने "शून्य गुणिले आठ कोटी सत्तर हजार सहाशे त्रेचाळीस" असा वाचावा आणि "म्हणजे उत्तर शून्यच की!" असे म्हणावे. हिशेब बरोबर आहे. न्यू जर्सीत सकाळचे साडेआठ वाजलेले असतात, मुलगा ऑफिसला निघालेला असतो. तो एवढेच सांगतो की इन्स्टॉलेशन जमले नाही असा त्याचा अर्थ आहे. हे चौकटीच्या पहिल्याच ओळीत शब्दांत लिहिलेले होते, पण ते सोपे असल्यामुळे त्याकडे लक्ष देण्याचे कारण नव्हते.

यानंतर मुलगा हमखास एक वाक्य म्हणतो: "बाबा, आधीचे जुने काढून टाका, मग नवीन टाका." यातला उत्तरार्ध तेवढा लिहून घ्यावा.

अधिकार

अँटिव्हायरसच्या बाबतीत पुणेकराला स्वतःचे मत असते आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. नव्वदच्या दशकात त्यांच्याकडे संगणक दुरुस्तीला येऊ लागले, तेव्हा बिघाडाचे कारण पुष्कळदा सुटा भाग नसून व्हायरस असायचा. त्यांचे धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी ते व्हायरस साफ करणारे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून क्विक हील उभे राहिले. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या दुरुस्तीच्या दुकानाचे 2007 मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले आणि फेब्रुवारी 2016 मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली.

यावरून कर्वेनगरातल्या गृहस्थाने काढलेला निष्कर्ष असा, की व्हायरस हा मुळात स्क्रूड्रायव्हरचा विषय आहे. म्हणून एरर आला की 'सीपीयू'चे झाकण उघडावे (आपण त्या अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतो, आणि कोणी सुधारल्यास त्याला पुन्हा चहाला बोलावू नये), आतली रॅम काढावी आणि तिचे सोनेरी दात खोडरबराने घासावेत. संगणक सुरूच होत नसेल तर या उपायाने पुष्कळदा खरेच सुरू होतो. अँटिव्हायरसच्या एररला काहीही होत नाही. पण अर्धा रविवार चांगला जातो.

व्हायरसची बाजू सांगायची तर तिच्यातही पूर्वीइतकी सचोटी उरलेली नाही. पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस 'ब्रेन'. तो 1986 मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद अल्वी या दोन भावांनी लिहिला आणि त्यात स्वतःचे नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला. आपल्या सोसायटीत दुसऱ्याच्या जागेत गाडी लावणारा काचेवर फोन नंबर ठेवत नाही, हे लक्षात घेतले की त्या भावांचे मोठेपण कळते.

एका घरात किती असावेत

मार्गदर्शिकेचा गाभा इथे आहे.

साधारण दहा वर्षे वापरलेल्या गृहसंगणकावर चार अँटिव्हायरस असतात. पहिला संगणकाबरोबर दुकानदाराने टाकून दिलेला. त्याची सीडी अजून ड्रॉवरमध्ये आहे आणि लायसन्स की ज्या पुठ्ठ्यावर होती ती नाण्याने इतकी जोरात खरवडली होती की दोन आकडे कायमचे गेले. दुसरा फुकट आला. प्रिंटरचे की कसले सॉफ्टवेअर टाकताना एका चौकोनात आधीच बरोबरची खूण केलेली होती, आणि लिहिलेल्यावर आपण खाडाखोड करत नाही. तिसरा भाच्याने टाकला, कारण त्याच्या मते पहिले दोन 'बकवास' होते. चौथा विंडोजचा स्वतःचा, डिफेंडर. तो विंडोज 8 पासून आतच येतो आणि त्याला कोणी बोलावले नसल्यामुळे त्याच्यावर कोणाचा विश्वास नाही.

यातला एकही काढू नये. घरातला नियम सर्वांना ठाऊक आहे: "असू दे, काय खायला मागतोय का?" याच नियमाने माळ्यावर जुन्या मॉनिटरचे खोके थर्माकोलसकट आहे, फ्लॉपींचा डबा आहे आणि डायल-अप मोडेम आहे. अडचण एवढीच, की माळ्यावरचा मोडेम खरेच काही मागत नाही आणि अँटिव्हायरस मागतो. रॅम मागतो, डिस्क मागतो, आणि प्रत्येक फाइलवर पहिला हक्क मागतो.

त्याचे काम असे चालते. तुम्ही सोसायटीच्या हिशेबाची एक्सेल फाइल उघडायला जाता. पहिल्या अँटिव्हायरसने फाइल उघडण्याच्या वाटेवर आपला ड्रायव्हर बसवलेला असतो. तो फाइल अडवतो आणि तपासायला स्वतः उघडतो. कोणीतरी फाइल उघडली हे पाहून दुसरा जागा होतो आणि पहिल्याला अडवतो. पहिल्याने पूर्वी पकडून क्वारंटाइनमध्ये ठेवलेला नमुना दुसऱ्याला सापडला तर तो 'व्हायरस सापडला' म्हणून ओरडतो, आणि पहिला आपल्या फोल्डरला हात लावणाऱ्यालाच व्हायरस ठरवतो. एका सोसायटीत दोन कार्यकारिणी निवडून आल्यावर असेच होते: सर्व सभासद सुरक्षित असतात, फक्त जिन्यातून कोणाला जाता येत नाही.

विंडोजला हे प्रकरण माहीत आहे. बाहेरचा अँटिव्हायरस नोंदणी करून आला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, आणि त्याची मुदत संपली की परत कामाला लागतो. पण मुदत संपलेला जातो कुठे? त्याची सर्व्हिस संगणकाबरोबर रोज सकाळी सुरू होते, अपडेट मागायला जाते, तिकडचा सर्व्हर 'तुमचे वर्ष संपले' म्हणून परत पाठवतो, आणि ती रिकाम्या हाताने येऊन लाल चौकट वर ढकलते. वर्षानुवर्षे रोज येणारा एरर बहुतेक घरांत हाच असतो. त्यावर घरात सर्वमान्य असलेला उपाय म्हणजे पाचवा अँटिव्हायरस टाकणे.

कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन 'अनइन्स्टॉल' केले तरी ड्रायव्हर, नोंदी, एखादी सर्व्हिस असे अवशेष मागे राहतात; म्हणूनच बहुतेक कंपन्या आपलेच उत्पादन मुळासकट काढायला एक वेगळे साधन फुकट देतात. त्याची माहिती मदतीच्या पानावर खाली कुठेतरी असते. पाहुण्यांना निघायचा रस्ता कोणी दारावर लिहून ठेवत नाही, त्यामुळे यात कंपन्यांचे चुकले असे म्हणता येत नाही.

वार, तारीख, घटका

अपडेट गुरुवारी करावे. पुण्यात गुरुवार हा वीज आणि पाणी दोन्हींच्या दुरुस्तीचा वार. पाणी नसल्यामुळे घरात दुसरे काम निघत नाही आणि गृहस्थाला संगणकाकडे लक्ष द्यायला सवड मिळते. अपडेट अर्ध्यावर आले की वीज जाते. यूपीएस असतो, पण त्याची बॅटरी मुलाबरोबरच घर सोडून गेलेली असते. अर्धवट उतरलेली फाइल दुसऱ्या दिवशी उघडत नाही आणि नवी चौकट येते. तिला नवा व्हायरस समजून कॅबिनेट उघडावे, खोडरबर घ्यावे.

तारखेचे प्रकरण जास्त गंभीर आहे आणि त्याकडे कोणी पाहत नाही. मदरबोर्डवर एक नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो, सीआर2032. संगणक बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालते. भिंतीवरचे बटण चालू असेल तर त्या सेलवर भार जवळजवळ नसतोच. पण कर्वेनगरात रात्री झोपण्यापूर्वी घरातली सर्व बटणे बंद करण्याची पद्धत आहे. टीव्हीचे, संगणकाचे, आणि कोणाचा फोन चार्जिंगला असेल तर त्याचेही. या काटकसरीने महिन्याकाठी वाचणारी वीज फार नाही, पण सेल मात्र बाकीच्यांपेक्षा लवकर मरतो. मग एके सकाळी संगणक उठतो आणि त्याला वाटते आज 1 जानेवारी 2009 आहे.

अँटिव्हायरसने यात काय करावे? त्याचे लायसन्स अजून पंधरा-सोळा वर्षांनी सुरू व्हायचे आहे. सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र अजून निघालेलेच नाही, त्यामुळे तो कोणावर विश्वास ठेवायला तयार नाही. इंटरनेटवरून वेळ जुळवून घे म्हणावे तर घरगुती विंडोज साधारणपणे पंधरा तासांपर्यंतची चूक स्वतःहून दुरुस्त करते. पंधरा वर्षांची चूक तिला अविश्वसनीय वाटते, आणि त्यात तिचा दोष नाही. अपडेट अयशस्वी, लायसन्स अवैध, कनेक्शन असुरक्षित अशा तीन चौकटी एकदम येतात. उजव्या कोपऱ्यात खाली तारीख लिहिलेली असते. चौकटी बरोबर तिच्यावरच येतात.

सेल कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे मिळतो. तरीही तो आणायला तपकीर गल्लीत जावे, कारण तिथे दोन रुपये कमी पडतात. जाताना बस, येताना ऊन लागल्यामुळे रिक्षा.

बाहेरून येणारे

कॉलेजच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांना या मार्गदर्शिकेत मानाचे स्थान आहे. आधार कार्डाची प्रिंट काढायला पेनड्राइव्ह घेऊन जावे. त्या दुकानातल्या संगणकात सकाळपासून जर्नल, प्रोजेक्ट, भाडेकरार आणि पत्रिका घेऊन आलेले सगळे पेनड्राइव्ह लागून गेलेले असतात. घरी परत आलेल्या पेनड्राइव्हमध्ये सर्व फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट दिसतात. मूळ फोल्डर तिथेच असतात, फक्त लपवलेले. शॉर्टकटवर क्लिक केले की फोल्डरही उघडतो आणि व्हायरसही चालू होतो. अँटिव्हायरस तो पुसतो, पेनड्राइव्ह पुढच्या आठवड्यात पुन्हा दुकानात जातो, आणि आपण म्हणतो याला काही अर्थ नाही, हा अँटिव्हायरस बदलायला हवा.

याउलट निरपराध पकडले जाण्याचेही प्रसंग येतात. मराठी टंकलेखनाचे जुने सॉफ्टवेअर कळफलकावरची प्रत्येक कळ मध्येच अडवून तिचे अक्षर करते. पासवर्ड चोरणारा कीलॉगरही कळ मध्येच अडवतो. अँटिव्हायरसला 'ळ' वाचता येत नसल्यामुळे तो दोघांना एकाच कलमाखाली घेतो. ही चूक फक्त आपल्या घरी होते असे समजू नये. 21 एप्रिल 2010 रोजी मॅकाफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस समजून उचलली आणि जगभरचे संगणक पुन्हापुन्हा बंद होऊन चालू होत राहिले. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख यंत्रे निळ्या पडद्यावर आणून उभी केली. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. हे उदाहरण मुलाला अवश्य ऐकवावे. रजिस्टर ठेवायला हवे असे आपण 1998 पासून सांगत होतो.

काही लाल चौकटी मात्र अँटिव्हायरसच्या नसतातच. कोणत्यातरी पंचांगाच्या किंवा फुकट पीडीएफच्या साइटने 'सूचना पाठवू का?' असे विचारलेले असते आणि आपण भिडेखातर 'अलाऊ' दाबलेले असते. आता ती साइट ब्राउझरमार्फत रोज कळवते की तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत. कंपनीचा लोगो असतो, आकडा असतो, घाबरवण्याची पद्धतही चांगली असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स, आणि तिथली ती परवानगी काढून टाकली की पाचही व्हायरस एकदम मरतात. पुन्हा 'काढून टाकणे' आलेच. म्हणून ही पायरी वैकल्पिक समजावी.

त्या चौकटीवरच्या नंबरला फोन करू नये. इथे गंमत थांबवतो. पलीकडचा साहेब फार आदराने बोलतो, स्क्रीन दिसावी म्हणून एक अॅप टाकायला लावतो, आणि मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून त्यातल्या लाल-पिवळ्या खुणा मोजून दाखवतो. अशा खुणा ठणठणीत संगणकातही शेकड्यांनी असतात. त्यानंतर रिन्यूअलचे पैसे, त्यानंतर 'जास्त कापले गेले, परत करतो, ओटीपी सांगा'. पैसे गेलेच तर तत्काळ 1930 वर कळवावे, भाच्याला नंतर.

कोणाला विचारावे

क्रम ठरलेला आहे. प्रथम तळमजल्यावरच्या काकांना, कारण ते बँकेत संगणकीकरणाच्या वेळी होते. ते पाहतात, 'हं' म्हणतात आणि त्यांच्या बँकेत संप कसा झाला ते सांगतात. मग भाच्याला. तो येतो, 'फॉरमॅट मारतो' म्हणतो आणि मारतो. काशीयात्रेचे फोटो चार ठिकाणी ठेवलेले होते, चारही ठिकाणे त्याच डिस्कवर. पंधरा दिवस सुखाचे जातात. त्यानंतर ड्रॉवरमधली सीडी पुन्हा सापडते.

वरच्या मजल्यावर पेइंग गेस्ट म्हणून राहणारी कमिन्स कॉलेजची मुलगी या यादीत नाही. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत आणि पायी हिंगण्याला, म्हणजे आजच्या कर्वेनगरला, येत. 1896 मध्ये काढलेला आश्रम त्यांनी 1900 मध्ये इथल्या माळावर आणला, इथे झोपडीपासून सुरुवात केली, गावाचे नाव पुढे त्यांच्यावरून पडले, आणि त्यांच्याच संस्थेने 1991 मध्ये मुलींचे हे इंजिनिअरिंग कॉलेज काढले. एवढे सगळे होऊनही कर्वेनगरातल्या संगणकाला वारज्याहून भाचाच लागतो. मुलीला आपण फक्त गेट रात्री किती वाजता बंद होते ते सांगितलेले असते.

तरीही कधी ती कुरियर द्यायला खाली आली, चौकट तिच्या देखत वर आली आणि "काका, मी बघू?" असे तिने विचारलेच, तर पुढील गोष्टी घडण्याची शक्यता आहे. ती प्रथम संदेश वाचते. मग तारीख पाहते, सेल बदलायला सांगते. चारपैकी बाहेरचे तिन्ही अँटिव्हायरस त्या-त्या कंपनीच्या साधनाने काढते, प्रत्येक वेळी संगणक बंद-चालू करते. सी ड्राइव्हमध्ये जागा करते, कारण तो काठोकाठ भरलेला असेल तर नव्या अपडेटला उतरायलाही जागा नसते. डिफेंडर चालू झाला का ते पाहते, अपडेट करते, सूचनांच्या परवानग्या उडवते. विंडोज 10 ला यापुढे नेहमीची सुरक्षा अपडेट येणार नाहीत, त्यावर बँकेचे व्यवहार करू नका, असे सांगते. खोडरबराला हात लावत नाही. मजुरी म्हणून तिला लाडू द्यावा; गेटची वेळ बदलू नये.

यानंतर चौकट येणे बंद होते आणि खरी काळजी सुरू होते. पूर्वी निदान काहीतरी चालू असल्याचे दिसत होते. आता काहीच दिसत नाही म्हणजे अँटिव्हायरस आहे की नाही, आणि असल्यास झोपला आहे का, हे कळायला मार्ग नाही. अशा वेळी नवा विकत आणू नये. 'आयकार' या युरोपीय संस्थेने 68 अक्षरांची एक ओळ ठरवून ठेवली आहे. ती पूर्णपणे निरुपद्रवी आहे, पण जगातल्या अँटिव्हायरस कंपन्यांनी तिला चाचणीपुरते व्हायरस मानायचे कबूल केले आहे. ती नोटपॅडमध्ये लिहून फाइल सेव्ह करायला जावे. डिफेंडर तत्क्षणी झडप घालतो, चौकट वर येते, आणि गृहस्थ शांतपणे जेवायला जाऊ शकतात. आठवड्यातून एकदा, गुरुवार सोडून, ही चाचणी करण्यास हरकत नाही. फाइल जप्त होत असल्यामुळे ती संगणकात साठवून ठेवता येत नाही. ओळ कागदावर उतरवून टेबलाच्या काचेखाली ठेवावी. उतरवताना तिसरे अक्षर नीट पाहावे, ते इंग्रजी कॅपिटल ओ आहे, शून्य नव्हे.